एबल टोझरचं बारावं मृत्युपत्र

जाइल्स कॉझी मंगळवारी दुपारी, जेवण झाल्यावर वारला. मरताना त्यानं बायकोचा हात हातात घेतला, तिला जवळ ओढलं आणि चाळीस वर्षांच्या संसाराचं सार दोन शब्दांत सांगितलं, "चेरीला लपव." एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. विल्मटला रडू आलं, आणि रडता रडताच ती खिडकीतून टेकडीवरच्या रस्त्याकडे बघायला लागली.

चेरी म्हणजे त्यांची गाय. लाल, गुबगुबीत, कपाळावर पांढरा ठिपका. तिच्या दुधावर अशी साय यायची की चमचा उभा केला तर उभाच राहायचा. नवरा गेल्यावर विल्मटचं पोट या सायीवरच चालायचं होतं, आणि नेमका नवरा गेल्यामुळेच गाय जायची वेळ आली होती. कारण हॅलकोम गावातली घरं, शेतं, गोठे, अगदी किनाऱ्यावरचे जाळी वाळत घालायचे खांबसुद्धा जहागीरदाराचे. गावकरी नुसती कुळं. कूळ मेलं की जहागीरदाराचा कारभारी यायचा, टोपी काढून दुःखाचे दोन शब्द बोलायचा आणि गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर सोडून घेऊन जायचा. मृत्युपत्रात तुम्ही काहीही लिहा, पहिला वारस कारभारी.

म्हणून हॅलकोममध्ये कोणी आजारी पडलं की आधी जनावर हलवायचं आणि मग औषध शोधायचं, अशी रीतच पडून गेली होती. फक्त सापडायचं नाही. लपवलेलं जनावर सापडलं तर जनावर तर जायचंच, वर राहतं घरही जायचं, आणि ज्यानं लपवून ठेवलं त्याचंही जायचं. जाइल्स शिस्तीत आजारी पडला असता तर विल्मटला आठवडाभर तयारी करता आली असती. पण तो माणूस जन्मभर घाई करत आला होता, मरतानाही त्यानं तेच केलं.

कारभारी गुरुवारी येणार असा निरोप संध्याकाळपर्यंत आला. विल्मटनं शाल डोक्यावरून घेतली, चेरीला दोरी लावली आणि गल्ली ओलांडून समोर एबल टोझरच्या दारात उभी राहिली.

एबल टोझर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बिनलग्नाचा आणि प्रकृतीनं ठणठणीत होता. दर वर्षी पहिली थंडी पडली की तो "आता काही खरं नाही" म्हणून अंथरूण धरायचा, पाद्रीसाहेबांना बोलावून नवं मृत्युपत्र लिहायचा, आणि शाई वाळली की उठून जेवायला बसायचा. अशी अकरा मृत्युपत्रं झाली होती. त्यात सगळ्या गावाचं नाव कुठे ना कुठे होतं, त्यामुळे सगळं गाव त्याच्याशी फार गोड वागायचं आणि हिवाळ्यात सूप घेऊन यायचं. सूप पातळ निघालं तर आणणारा पुढच्या मृत्युपत्रात तांब्याच्या पातेल्यावरून लाकडी डावावर उतरायचा. विल्मट सध्या कथलाच्या दुसऱ्या ताटलीवर होती.

"दोन दिवस गाय ठेवायची आहे, एबलकाका," ती म्हणाली.

"आणि सापडली म्हणजे? माझं घर जाईल."

"तुम्ही कुठे मेला आहात? तुमच्या गोठ्यात कोण डोकावतंय?"

एबलनं यावर विचार केला. "मला काय मिळणार?"

"रोज एक वाटी साय."

"वाटी कोणाची?"

"घ्या तुमची."

एबल आत गेला आणि ज्यात तो आंघोळीचं पाणी काढायचा ते भांडं घेऊन आला. विल्मटनं मुकाट्यानं ते भरून दिलं. चेरी गोठ्यात गेली, विल्मटच्या गोठ्यात आता फक्त सोलोमन नावाचं गाढव उरलं. सोलोमन एका डोळ्यानं अधू आणि वयानं विल्मटच्या लग्नाइतका होता. कारभाऱ्यानं त्याला खुशाल न्यावं, वाटेत तो मेला तरी विल्मटची हरकत नव्हती. त्या रात्री ती जाइल्सच्या शेजारी खुर्ची टाकून बसली आणि त्याला म्हणाली, "झालं बाबा तुझ्या मनासारखं." जाइल्सच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं, पण ते जेवणाचंही असू शकेल.

एबलनं त्या रात्री तीन खेकडे खाल्ले, त्यावर ती सगळी साय खाल्ली, त्यावर सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, प्यायला. सकाळी तो खरोखर मरायला टेकला.

विल्मट केक भट्टीतून काढत होती, मयताला येणाऱ्यांना वाटायचा केक, तेवढ्यात पाद्री हॅनफर्ड शाईची बाटली घेऊन धावत समोरच्या घरात शिरताना तिला दिसले. अजून थंडी पडली नव्हती. केकचा तुकडा हातात तसाच धरून ती गल्लीपलीकडे पळाली.

एबल पलंगावर हिरवा पडून होता. पायथ्याशी त्याची भाची टॅम्सिन रडत होती. टॅम्सिनला घर मिळायचं होतं आणि अकरा हिवाळे ती या दिवसाची वाट बघत होती, त्यामुळे तिचं रडणं चांगलं सरावाचं झालं होतं. पाद्रीसाहेब उशाशी बसून लिहीत होते. पाद्री हॅनफर्ड म्हणजे देवमाणूस. ते कधी खोटं बोलत नसत, आणि गावाला याचा फार जाच व्हायचा.

"तांब्याचं पातेलं टॅम्सिनला," एबल कण्हत म्हणाला. "मोठी घागर... घागर राहू दे. घागरीचं उद्या बघू."

"उद्या नसेल तर, एबल?" पाद्रीसाहेबांनी हळूच विचारलं.

तेवढ्यात गोठ्यातून चेरी हंबरली.

टॅम्सिननं रडणं थांबवलं. "मामा, तुम्ही गाय कधी घेतली?" तिनं विचारलं. विल्मट छताकडे बघायला लागली. एबलनं तिच्याकडे पाहिलं, मग पाद्रीसाहेबांकडे पाहिलं. पाद्रीसाहेबांसमोर खरं सांगावं तर कोणीही विचारलं की ते जसंच्या तसं सांगणार, हे मरणाऱ्या माणसालाही कळत होतं. शेवटी तो गुपित राखण्यासाठी उदार झाला.

"ती गाय," एबल म्हणाला, "पाद्रीसाहेबांना. अकरा वर्षं पावसापाण्यातून आलेत बिचारे."

पाद्रीसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी ते सुंदर अक्षरात लिहिलं. विल्मटला त्यांच्या हातातली लेखणी हिसकावून चुलीत टाकावीशी वाटली, पण ती घट्ट हाताची घडी घालून उभी राहिली. तिनं मनाशी हिशोब मांडला. एबल मेला की कारभारी येणार आणि सगळ्यात चांगलं जनावर नेणार. पण एबलकडे गेल्या जत्रेत घेतलेली करडी घोडी होती. अशी घोडी आसपासच्या चार गावांत नव्हती. कारभारी गावात आला की एबल तिला कड्यापलीकडच्या कुरणात नेऊन बांधायचा, इतकी ती चांगली. कारभारी डोळे मिटून घोडीच नेईल, चेरीकडे बघणारही नाही. मग पाद्रीसाहेबांना एकट्याला गाठून सगळं समजावता येईल. विल्मटला जरा बरं वाटलं, आणि घोडीला डोळे भरून पाहावं म्हणून तिनं खिडकीतून मागच्या सफरचंदाच्या बागेत नजर टाकली.

बागेत घोडी नव्हती.

विल्मटनं वळून टॅम्सिनकडे पाहिलं. टॅम्सिनच्या शालीला गवताच्या काड्या चिकटल्या होत्या आणि बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. मामा आजारी असल्याचं कळल्याबरोबर ती बाई आधी मागच्या फाटकानं बागेत शिरली होती, घोडी हलवून आली होती आणि मगच रडायला बसली होती. गावाच्या रीतीप्रमाणे तिचं काही चुकलं नव्हतं. पण आता एबलच्या दारात जनावर म्हणून उरली होती एकटी चेरी.

म्हणजे एबल मेला की चेरी गेली. विल्मटला हे कळलं तेव्हा तिनं केक पाद्रीसाहेबांच्या मांडीवर ठेवला, स्वयंपाकघरात धावत गेली, गरम पाण्यात मूठभर मोहरी आणि मूठभर मीठ कालवून आली आणि एबलचं डोकं उचलून धरलं.

"प्या."

"मला शांतपणे जाऊ दे, विल्मट."

"जायचं नाही. एबलकाका, माझं ऐका, मरू नका. पाया पडते तुमच्या, आज मरू नका." हे बोलताना तिचा आवाज असा चिरकला की पाद्रीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. टॅम्सिन म्हणाली की वडीलधाऱ्यांना शेवटच्या वेळी छळू नये. विल्मटनं तिला कोपरानं बाजूला सारलं आणि ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत एबलच्या घशात उतरवलं. पुढे जे व्हायचं ते झालं. बादली टॅम्सिनला धरावी लागली. खेकडे आले, साय आली, आणि एबलचा रंग हिरव्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा गुलाबी झाला. त्याला एकदम बरं वाटायला लागलं, पण एवढी माणसं भोवती जमली होती की त्यानं कण्हणं थोडा वेळ चालूच ठेवलं.

बाहेर घोड्याच्या टापा वाजल्या. कारभारी प्रिडम गुरुवारची वाट न बघता बुधवारीच आला होता. गिरणीपाशी त्याला कळलं की गावात दुसराही एक जण जातोय, आणि दोन मरणं एका खेपेत उरकली तर त्याचा रपेटीचा एक दिवस वाचत होता. प्रिडम माणसांची नावं विसरायचा, पण एकदा पाहिलेलं जनावराचं कपाळ कधी विसरत नसे. त्यानं खिडकीखालूनच विचारलं, "इथलं झालं का?" अजून नाही असं कळल्यावर तो म्हणाला, "मग आधी कॉझीचं घेतो."

विल्मटला याची भीती नव्हती. सोलोमन तयार होता. तिनं चेहरा विधवेचा केला, शाल सारखी केली आणि कारभाऱ्याला घेऊन आपल्या गोठ्याकडे निघाली. वाटेत तिनं उसासे टाकत सांगितलं की गरिबाघरी काय असणार, एक म्हातारं गाढव आहे, ते न्या. मग तिनं गोठ्याचं दार उघडलं.

आत एबलची करडी घोडी उभी होती. सोलोमन तिच्याकडे चांगल्या डोळ्यानं बघत होता.

कारभारी पुढे झाला, त्यानं घोडीच्या मानेवरून हात फिरवला, दात पाहिले, पाय उचलून पाहिले. "तुमच्या यजमानांची नजर चांगली होती, बाई," तो हळहळून म्हणाला आणि टोपी काढली. विल्मटनं मागे पाहिलं. फाटकात टॅम्सिन उभी होती, तोंडावर दोन्ही हात दाबून. त्या एका नजरेत विल्मटला सगळा उलगडा झाला. टॅम्सिननं सकाळी हा रिकामा गोठा पाहिला होता. चेरी नाही, म्हणजे कारभारी येऊन गेला. कारभारी एका घरी दोनदा येत नाही, तेव्हा घोडी लपवायला सगळ्या हॅलकोममध्ये याहून बिनधोक जागा नाही, असा तिनं अगदी डोकं लावून विचार केला होता.

विल्मटला बोलायचं होतं की ही घोडी आमची नव्हे. पण मग कारभारी विचारणार, कोणाची? एबलची म्हटलं की विचारणार, इथे कशी? मग एबलच्या गोठ्यात काय आहे ते बघायला जाणार. तिथून पुढे दोन्ही घरं जायला वेळ लागणार नव्हता. टॅम्सिनच्या मनातही तेच चाललं होतं. एका बाजूला विल्मट, एका बाजूला टॅम्सिन, दोघी ओठ मिटून उभ्या राहिल्या, आणि मधून कारभारी घोडीला घेऊन ऐटीत बाहेर पडला.

घोडी गल्लीत आल्यावर एबलला ती खिडकीतून दिसली. मरणशय्येवरचा माणूस रात्रीच्या सदऱ्यात, उघड्या पायांनी, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आला. त्याच्या मागे पाद्रीसाहेब, एका हातात मृत्युपत्र आणि एका हातात केक.

"अरे, माझी घोडी," एबल ओरडला.

"काय म्हणालास?" कारभारी थांबला. "ही तर कॉझीच्या गोठ्यातली."

पाद्रीसाहेबांनी घोडीकडे पाहिलं, ओळखलं, आणि खरं सांगण्यासाठी तोंड उघडलं. विल्मटनं त्यांच्या हातातला केक उचलला आणि त्या उघड्या तोंडात कोंबला. "खा, पाद्रीसाहेब, सकाळपासून उपाशी आहात," ती म्हणाली. केकमध्ये मनुका भरपूर होत्या. पाद्रीसाहेब चावत राहिले.

एबलनं विल्मटकडे पाहिलं, टॅम्सिनकडे पाहिलं, टॅम्सिनच्या बुटांकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षं त्यानं याच गावात काढली होती. त्याला कोणी काही समजवायची गरज पडली नाही.

"माझी घोडी अशीच होती, म्हणत होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला, आणि त्यात ढोंग नव्हतं. "तरुणपणी. अगदी अशीच होती हो."

"बरं. आणि आता तुझ्याकडे काय आहे?" कारभारी विचारता विचारताच गोठ्यात डोकावला. एबल आज मेला नाही तरी कधीतरी मरणार होता, पाहून ठेवलेलं बरं. आत चेरी रवंथ करत होती. तिनं मान वर केली आणि कारभाऱ्यानं तिचं कपाळ नीट पाहून घेतलं. "गाय छान आहे. तुझीच ना?"

पाद्रीसाहेबांचा घास नेमका तेव्हा उतरला. "त्याचीच, साहेब," ते आनंदानं म्हणाले. "आज सकाळी माझ्यासमोर त्यानं ती मृत्युपत्रात लिहून दिली. मलाच दिली."

जो माणूस जन्मात खोटं बोलला नाही त्याच्या तोंडून हे निघाल्यावर प्रश्नच मिटला. "तुम्हाला मिळेल असं काही धरून चालू नका," कारभारी हसून म्हणाला. "कपाळावरचा ठिपका मी लक्षात ठेवलाय. हा गेला की मी येईनच." मग त्यानं एबलला खालून वर न्याहाळलं. "तू मरतोयस की नाहीस?"

"नाही," एबल म्हणाला. "आज जमणार नाही."

कारभारी घोडी घेऊन टेकडी चढून दिसेनासा झाला. टॅम्सिन घरी गेली. पाद्रीसाहेब मृत्युपत्राची घडी घालून, गाईबद्दल पुन्हा आभार मानून गेले. एबल आणि विल्मट गल्लीतल्या दगडी कठड्यावर बसून राहिले, तो सदऱ्यात आणि ती काळ्या कपड्यांत. खाली किनाऱ्यावर होड्या ओढत आणल्या जात होत्या.

"तुझा नवरा मेला," एबल म्हणाला, "आणि घोडी माझी गेली."

"तुमच्या भाचीनं बांधली ती."

"गोठा रिकामा कोणी ठेवला?"

चेरीला परत नेणं आता शक्य नव्हतं. कारभाऱ्यानं ठिपका पाहिला होता, तो विल्मटच्या गोठ्यात दिसला की घर गेलंच. म्हणजे गाय एबलचीच झाली, आणि एबल मेला की जहागीरदाराची होणार. कसंही फिरवलं तरी विल्मटची ती होतच नव्हती. चाळीस वर्षांत जाइल्सनं एकच गोष्ट शेवटची म्हणून मागितली होती आणि तीही तिला धड जमली नव्हती. दोन दिवस तिला नीट रडायलाही सवड मिळाली नव्हती. आता ते सगळं रडू एकदमच आलं. ती शालीआडून नाही, अगदी तोंड उघडं ठेवून, लहान पोरीसारखी रडली.

एबलनं उघडे पाय सदऱ्याखाली ओढून घेतले.

"दूध तू काढ," तो म्हणाला. "साय तू विक. गाय माझ्या गोठ्यात राहील, एवढंच. माझी वाटी मात्र चुकवायची नाही."

विल्मटनं डोळे पुसले. "आणि तुम्ही गेलात म्हणजे?"

"म्हणजे चेरी गेली."

"मग तुम्ही जाऊ नका ना, एबलकाका."

"हे बघ," एबल म्हणाला. "अकरा वर्षं माणसं माझ्याकडे सूप घेऊन येतायत. सूप ठेवतात आणि खोकल्याकडे कान देऊन बसतात. खोकला वाढला की चेहरे खुलतात त्यांचे. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं. आज सकाळी तू मरू नका म्हणालीस, ते खोटं नव्हतं."

"गाईसाठी म्हणाले मी."

"ठाऊक आहे. पण म्हणालीस ना."

त्यानंतर विल्मट रोज सकाळी बादली घेऊन गल्ली ओलांडू लागली. ती आधी एबलची जीभ बघायची आणि मग चेरीचं दूध काढायची. तिनं त्याचे खेकडे बंद केले, सायडर अर्ध्यावर आणला, जिन्याला दोर बांधला आणि सायीची वाटी स्वतःच्या हातानं छोटी केली. एबल खूप कुरकुरला, आणि अधूनमधून तिचा चेहरा पांढराफटक पडतो का ते बघायला मुद्दाम खोकला. तो दर वेळी पांढरा पडायचा.

पहिली थंडी आली तसे पाद्री हॅनफर्ड सवयीनं शाई घेऊन हजर झाले. एबल चुलीजवळ लोकरी मोजे घालून बसला होता, मोजे विल्मटनं विणलेले. पाद्रीसाहेबांनी कागद पसरला, वर सुरेख अक्षरात "तेरावं" असं लिहिलं आणि विचारलं की सुरुवात कशापासून करायची.

"यंदा काही लिहायचं नाही," एबल म्हणाला. "विल्मट मरू देत नाही."